तेतासाठी लाल टोपी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. फोन उचलल्यावरचं नुसतं 'अलो' ऐकून मी सांगायची, बोलणारा झाहलेचा की बालबेकचा, आणि जेवून बोलतोय की उपाशी. म्हणूनच नजीबेने ते रेकॉर्डिंग माझ्या कानाला लावलं आणि म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

हिवाळा लागला की आम्ही तिघी नजीबेच्या बैठकीच्या खोलीत जमतो. नजीबे, जोर्जेत आणि मी, मुंतहा. मुंतहा म्हणजे शेवट. वडिलांना आणखी मुली नको होत्या, म्हणून त्यांनी माझ्या नावाने देवाला पुरे असं सांगितलं आणि देवाने त्यांचं ऐकलं नाही, माझ्या पाठीवर आणखी दोघी झाल्या. असो. मधोमध डिझेलची शेगडी, तिच्यावर चेस्टनट भाजत ठेवलेले, आणि आम्ही खालच्या माळावर तंबूंमध्ये राहणाऱ्या सीरियाच्या पोरांसाठी टोप्या विणतो. नजीबे दोन सुयांवर विणते, आम्ही दोघी क्रोशावर. लोकर चर्चमधून येते. ती फक्त लहान मुलांसाठीच वापरायची हा नियम पाद्र्यांनी केला की नजीबेने, हे मला आजवर कळलेलं नाही. पण नजीबेच्या घरात बसून नजीबेच्या नियमावर बोलायचं म्हणजे शेगडीपासून लांबच्या खुर्चीवर बसायची तयारी ठेवावी लागते.

टोप्या पोचवायचं काम तिच्या नवऱ्याकडे. नकूलाची भाजीची गाडी आहे. तो तंबूंच्या तोंडाशी गाडी उभी करतो, खाली उतरायचे कष्ट घेत नाही, खिडकीतून फोन बाहेर धरतो. ज्याला टोपी हवी त्याने त्यात बोलायचं, कुणासाठी आणि कुठल्या रंगाची. ही युक्ती नकूलाची. त्याला लिहायचा कंटाळा.

यंदाची लोकर संपली तेव्हा एक लाल गुंडा तेवढा उरला होता आणि एक रेकॉर्डिंग तेवढं उरलं होतं. त्यात लालच मागितलेलं. आम्ही म्हटलं, वा, शेवट कसा छान जुळून आला. शनिवारी बर्फ पडणार असं टीव्हीवर सांगत होते आणि एकदा बर्फ पडला की माळावरचा रस्ता कधी उघडेल ते कुणी सांगू शकत नाही. नकूलाची शेवटची फेरी शुक्रवारी सकाळी जायची होती.

नजीबेने रेकॉर्डिंग लावलं. आधी ताडपत्रीवर आपटणारा वारा. मग कुजबुज. मग कुणीतरी म्हणालं, "बोल ना, तेता." मग, "तेतासाठी पाहिजे." मग, "लाल." मग, "हो, लाल. तेताचे केस गेलेत सगळे. तेताला लाज वाटते, बाहेरच पडत नाही." शेवटी हातांना सुख लाभो असा आशीर्वाद आणि नकूलाचा खोकला.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

तेता म्हणजे आजी, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. पण आमच्याकडे आई लेकराला 'मामा' म्हणून हाक मारते, बाप पोराला 'बाबा' म्हणतो आणि आजी नातवंडांना 'तेता' म्हणते. आपल्याला जी हाक यायची तीच आपण उलट मारायची. ये तेता, जेव तेता, पडशील तेता. जन्मभर आम्ही अशाच हाका ऐकल्या आणि मारल्या, आणि कुणाचा कधी गोंधळ झाला नाही, कारण समोर माणूस दिसतं. फोनमध्ये माणूस दिसत नाही. आता केस गेलेली ही तेता म्हणजे आजी की नात?

नजीबेने लगेच निकाल दिला. म्हातारीच आहे, म्हणाली, पोरीला पुढे करून स्वतःसाठी मागतेय, आणि या वयात लाल मागतेय. जोर्जेतने विचारलं, का, या वयात लाल घातलं तर पोलीस धरून नेतात का? तिच्या मते ती नात होती, कारण कुठलीही आजी स्वतःचे केस गेल्याचं परक्या पुरुषाच्या फोनमध्ये सांगणार नाही. नजीबे म्हणाली, पण मग सांगणारी नातच असेल, आणि आजीबद्दल सांगत असेल. जोर्जेत म्हणाली, तेच तर मी म्हणतेय. ती तसं म्हणत नव्हती, पण कोण काय म्हणतंय हेच आता कळेनासं झालं होतं.

मग दोघी माझ्याकडे वळल्या. कान माझा ना.

मी फोन कानाला लावून डोळे मिटले. एक आवाज म्हातारा होता आणि एक लहान, यात शंका नाही. पण लहान्याला सर्दी झाली होती, आणि म्हातारीचा आवाज इतका बारीक की पोरीने काढावा तसा. वर तो वारा. "लाल" कोण म्हणालं ते मला सांगता येईना. "केस गेलेत" कोण म्हणालं तेही नाही. खरं सांगायचं तर मला घाम फुटला. पण कबूल करायला मी काय खुळी आहे? मी डोळे उघडले आणि ठामपणे म्हणाले, "म्हातारीसाठी आहे. नात मागतेय."

"मग नाही द्यायची," नजीबे म्हणाली.

"का नाही द्यायची? तिचं डोकं काय दगडाचं आहे?"

शेगडीजवळची खुर्ची गेली तर गेली, असा विचार करून मी लाल गुंडा पिशवीत घातला आणि घरी आले.

घरी आल्यावर मोठ्या डोक्याची टोपी विणायला घेतली. क्रोशाची टोपी माथ्यापासून सुरू होते. साखळीची एक कडी करायची, तिच्यात खांबाचे टाके घालायचे, मग प्रत्येक फेरीला टाके वाढवत न्यायचे, म्हणजे भाकरीसारखा चपटा गोल वाढत जातो. डोक्याएवढा झाला की वाढवायचं थांबायचं आणि सरळ फेऱ्या घालत खाली यायचं. मी कानापर्यंत आले होते आणि माझ्या फोनवर मागवून घेतलेलं ते रेकॉर्डिंग सहज म्हणून पुन्हा लावलं. आणि "तेताला लाज वाटते" हे मला स्पष्ट म्हातारीच्या तोंडून ऐकू आलं. म्हणजे ती नातीबद्दल बोलत होती. म्हणजे माझं चुकलं होतं.

मी सगळी टोपी उसवली आणि लहान डोक्याची सुरू केली. ती पुरी होत आली आणि मनात पुन्हा किडा वळवळला. ऐकलं, तर तोच आवाज पोरीचा वाटायला लागला. पुन्हा उसवली. लोकरीचा बिचारीचा जीव तो किती, पिंजारून कापसासारखी झाली. भाजी घ्यायला बाहेर पडले तरी माझ्या कानात तेच. वाण्याने विचारलं, लसूण किती देऊ, तर मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हणत होते, हा आवाज मी ओळखते का? एक्स्चेंजमध्ये साऱ्या खोऱ्याचे आवाज माझ्या कानातून गेले होते, आणि आता एका तंबूतले दोन आवाज मला वेगळे करता येईनात. मी म्हातारी झाले की काय, अशी भीती मला पहिल्यांदा तेव्हा वाटली.

शेवटी नकूलाला गाठलं. तो गाडीत टोमॅटोच्या पेट्या लावत होता. मी विचारलं, ते दोन आवाज कुणाचे होते, तू बघितलंस ना?

"दोघी होत्या. एकाच घोंगडीत."

"अरे, पण बोललं कोण?"

"घोंगडी बोलली. मला नुसते डोळे दिसत होते."

"कसे होते डोळे? लहान की मोठे?"

नकूलाने जरा विचार केला. "डोळ्यांएवढे होते," म्हणाला.

त्याला टोमॅटो फेकून मारावा असं वाटलं. पण तंबू कुठला ते त्याच्या लक्षात होतं, पाण्याच्या टाकीमागचा शेवटचा. मी म्हटलं, शुक्रवारी मी तुझ्याबरोबर येणार. तो म्हणाला, पुढच्या सीटवर कोथिंबीर असते. मी म्हटलं, कोथिंबीर मी मांडीवर घेईन.

गुरुवारी मी तिसऱ्यांदा टोपीचा माथा विणायला घेतला आणि लहान डोक्याएवढा गोल झाल्यावर हात आवरला. इथपर्यंत दोघींची टोपी एकच असते. इथे थांबलं तर नातीची, वाढवत गेलं तर आजीची. क्रोशाची सुई तशीच टाक्यात अडकवून ठेवली आणि सगळं पिशवीत टाकलं. तिथे जायचं, डोकं बघायचं आणि त्यांच्यासमोरच पुरी करायची. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले.

शुक्रवारी आभाळ खाली आलं होतं. नकूला गाडीत बाकीच्या टोप्या वाटत बसला आणि मी चिखल तुडवत टाकीमागच्या तंबूपर्यंत गेले. बाहेरूनच आवाज दिला. आतून ताडपत्री बाजूला झाली, आणि ती घोंगडी दिसली. नकूला खोटं बोलला नव्हता. डोळेच दिसत होते.

आत शेगडी होती पण विझलेली. म्हातारीने आपलं नाव उम्म शाकेर सांगितलं, होम्सकडची. गालिच्याची कोरडी बाजू मला दिली आणि आपण ओल्या बाजूला बसली. डोक्यावरचा रुमाल तिने हनुवटीखाली मुठीत घट्ट धरला होता आणि बोलताना, उठताना, बसताना ती मूठ सोडत नव्हती. पोर तिच्यामागे लपली होती. आठेक वर्षांची असेल. तिचं नाव घुफ्रान.

मी पिशवीतून लाल गोल काढला. आजवर मी एखाद्या वकिलाने विचारावं तसं कुणाला विचारलं नसेल, पण त्या दिवशी विचारलं. "हे बघा, मी टोपी घेऊन आलेय, पण मला एकच सांगा. तुमच्यात तेता कोण?"

दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण दोघी अगदी गंभीर होत्या. उम्म शाकेर म्हणाली, मीच मागितली, हिच्यासाठी. पोरीला उवा झाल्या म्हणून म्हातारीनेच आपल्या हाताने वस्तरा फिरवला होता. तेव्हापासून पोर शाळेच्या तंबूत जात नाही. मुलं तिला मुलगा म्हणतात, एकाने तर मुलग्याच्या नावाने हाक मारली. आधी रोज जायची, सगळ्यात पुढे बसायची. तेवढ्यात पोर मागून म्हणाली, नाही, मी मागितली. तेतासाठी. तेताचे केस औषधाने गेलेत.

"गप, तेता," म्हातारी म्हणाली.

"तू गप, तेता," पोर म्हणाली आणि माझ्याकडे वळली. आजीला गावातल्या इस्पितळात औषधाची सुई घ्यायला जावं लागतं. डोक्यावर केस नाहीत म्हणून रुमाल टिकत नाही, घसरतो. एकदा तिथल्या बाकावर, सगळ्या पुरुषांसमोर घसरला. त्या दिवसापासून ती गेलेली नाही. सुया संपल्या असं सगळ्यांना सांगते.

"संपल्यात," उम्म शाकेर म्हणाली.

"संपल्या नाहीत," पोर म्हणाली.

मी क्रोशाची सुई हातात धरून बसले होते. म्हणजे त्या दिवशी फोनमध्ये दोघी बोलल्या होत्या, दोघीही एकमेकींसाठी, आणि माझा कान दोन्ही वेळा बरोबर होता आणि दोन्ही वेळा चूक. आनंद व्हायला हवा होता. उलट मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना. नजीबेचा, बर्फाचा, त्या एकट्या गुंड्याचा. एका बाजूला पोरीची शाळा आणि दुसऱ्या बाजूला म्हातारीचा जीव, आणि मधे मी, माझ्या हातात एक टाका. आता पुढचा टाका घालायचा म्हणजे कुणाला तरी नाही म्हणायचं.

"इथेच थांबवा, बाई," उम्म शाकेर म्हणाली. "माझ्या डोक्याला आता काय करायचंय? तिला शिकायचंय अजून."

"वाढवा," घुफ्रान म्हणाली.

मी वाढवलं. इस्पितळातल्या सुईपुढे शाळा काय, असं मनाला समजावलं आणि एक फेरी घातली. पोरीचा चेहरा खुलला. म्हातारी तोंड फिरवून बसली, आणि मूठ हनुवटीखाली तशीच. मग माझ्याच्याने पुढे विणवेना. ती फेरी मी उसवली. तर आता पोरीचे डोळे भरून आले. बाहेर नकूलाने पहिला हॉर्न दिला. मी सुई टाक्यात घालत होते आणि काढत होते आणि मला रडू येत होतं, आणि आपल्याला रडू येतंय याचाही राग येत होता. विणायला सुरुवात केल्यापासून मला कुठली टोपी इतकी अवघड गेली नव्हती.

पोर कधी जवळ सरकली ते कळलं नाही. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, माझ्या डोक्याकडे बघत होती.

"तुमची टोपी छान आहे, तेता," ती म्हणाली.

माझ्या डोक्यावर माझी निळी टोपी होती. मऊ लोकरीची, वेण्यांच्या नक्षीची, एक आख्खा हिवाळा बसून स्वतःसाठी केलेली. कोथिंबीर मांडीवर घेऊन आले तेव्हा ती डोक्यावर होती, चिखलातून आले तेव्हा होती, आणि इतका वेळ एका टोपीसाठी मी तिथे जीव काढत बसले होते तेव्हाही होती. मला तिची आठवणही नव्हती.

आमच्यात कुणी आपल्या वस्तूला छान म्हटलं की तोंडातून आपोआप निघतं, "घे, तुझीच आहे." त्यात देण्याचा विचार नसतो, जसा 'कसं काय' विचारताना उत्तर ऐकायचा नसतो. ऐकणाऱ्यानेही लगेच म्हणायचं असतं की जिची तिलाच शोभते, आणि विषय संपतो. माझ्या बांगडीला, माझ्या पडद्यांना, माझ्या कॉफीच्या कपांना लोक छान म्हणाले आणि मी सगळं वाटून टाकलं, पण घरातून एक चमचा बाहेर गेला नाही.

"घे, तुझीच आहे," मी म्हणाले.

"जिची तिलाच शोभते, बाई," उम्म शाकेरने तिथल्या तिथे म्हटलं, अगदी रीतीने.

पण पोर तंबूत वाढलेली. तिथे छान म्हणण्यासारखं काही घेऊन कोण येतं, आणि आलं तर तिला ही रीत कोण शिकवणार? ती उभी राहिली आणि उकळत्या भांड्यावरचं झाकण उचलावं तशी दोन्ही हातांनी, जपून, माझ्या डोक्यावरची टोपी उचलली. उम्म शाकेर "अगं, अगं" म्हणत असतानाच तिने आजीची मूठ सोडवली, रुमाल बाजूला केला. मी नजर खाली घातली, पण तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं. वर बघितलं तर निळी टोपी म्हातारीच्या कानांपर्यंत बसली होती आणि पोर तिच्यावरून रुमाल बांधत होती.

मला हात पुढे करून टोपी परत घ्यावीशी वाटली. हे खोटं कशाला सांगू? घेतली नाही, ती चांगुलपणाने की नुसतं सुचलं नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. कान गार पडले होते.

"हलवून बघ, तेता," घुफ्रान म्हणाली.

उम्म शाकेर माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, एकदा इकडे, एकदा तिकडे, मग जोरजोरात. ती मला नाही म्हणत होती की रुमाल घसरतो का ते बघत होती, मला कळेना. तिचे दोन्ही हात मांडीवर मोकळे पडले होते. रुमाल जागचा हलला नाही.

बाहेर नकूला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी पोरीला माझ्यासमोर बसवलं, लाल गोल तिच्या डोक्यावर धरून बघितला आणि टाके वाढवायचं थांबवलं.